तिपानुलीचा अर्थ

शब्दांचे अर्थ लावण्यात हयात घालवलेल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांना एकदा दोन वाड्यांच्या भांडणात न्याय देण्यासाठी बोलावणे आले. भांडण एका शब्दावरून होते.

डोंगराच्या उतारावर वरली वाडी आणि खालची वाडी अशा दोन वस्त्या होत्या. दोहोंच्या मध्ये एक झरा होता. पाण्याची दुसरी सोय जवळपास नसल्याने दोन्ही वाड्या त्याला देव मानत. झऱ्याच्या तोंडाशी एक काळा उभा दगड होता, तिथेच पूजा होई. श्रावणातल्या एका सोमवारी सगळ्यांनी तिथे जमावे आणि पूर्वजांनी घालून दिलेला नेम पाळावा, अशी रीत होती. नेम एका ओळीचा होता आणि तो तोंडातोंडी चालत आला होता : झऱ्याच्या माथी तिपानुली लावावी.

तिपानुली म्हणजे तीन पानांची, इतके सर्वांना ठाऊक होते. वरल्या वाडीचे लोक बेलाची त्रिदळे आणून ओल्या दगडाच्या माथ्याला चिकटवत. खालच्या वाडीचे लोक पळसाची पाने आणत. कित्येक पिढ्या दोन्ही पाने एकाच दगडावर सुखाने राहिली. पुढे झरा आटू लागला. पूर्वी तो वैशाखात बारीक होई, मग चैत्रात होऊ लागला, आणि अलीकडे तर होळीनंतर लगेच तळाशी चिखल दिसू लागला. मग दोष कुणाचा, याचा शोध सुरू झाला. वरल्या वाडीने म्हटले, तुम्ही भलतेच पान लावता म्हणून देव रुसला. खालच्या वाडीने तेच उलटून म्हटले. एका श्रावणात कुणीतरी दुसऱ्यांची पाने दगडावरून ओरबाडून काढली, काठ्या निघाल्या, माणसांची डोकी फुटली. त्या दिवसापासून दोन्ही वाड्यांचे येणेजाणे बंद झाले. पाणी भरण्याच्या वेळाही वेगळ्या ठरल्या.

या भांडणात सर्वांत जास्त पोळली ती सगुणा. ती वरल्या वाडीच्या कारभाऱ्याची, रखमाजींची लेक. आणि दिली होती खालच्या वाडीचे कारभारी येसाजी यांच्या घरात. माहेर डोळ्यांना दिसत होते, पण पाय तिकडे वळवायची सोय नव्हती. पहिलटकरीण असूनही तिचे बाळंतपण सासरी झाले. मुलगी झाली. बारशाला आजोळचे माणूस आल्याखेरीज नाव ठेवायचे नाही, असे तिने सासऱ्यांना शांतपणे सांगितले आणि त्यावर ती अडून राहिली. आता मुलगी रांगायला लागली होती, तरी तिला नाव नव्हते.

शास्त्रीबुवा आले ते आपल्या शिष्याला, निरंजनला, बरोबर घेऊन. निरंजन बुद्धिमान होता. कोशच्या कोश त्याला मुखोद्गत होते आणि गुरूंच्या आधी उत्तर शोधण्याची त्याला हौस होती. वाटेतच त्याने आपला निर्णय करून टाकला होता. तिपानुली म्हणजे त्रिपर्णा. आणि नदीनाल्याच्या काठी वाढणारे, तीन पानांचे, पाण्याच्या देवतेचे नाव धारण करणारे झाड म्हणजे वायवर्ण, ज्याला संस्कृतात वरुण म्हणतात. तेव्हा बेलही चूक आणि पळसही चूक. गुरूंनी हे ऐकून घेतले.

नेमाच्या सोमवारी दोन्ही वाड्या झऱ्यापाशी जमल्या. मध्ये मोकळी जागा सोडून लोक दोन बाजूंना उभे राहिले. रखमाजींनी बेलाची डहाळी शास्त्रीबुवांच्या हाती दिली. येसाजींनी पळसाची दिली. सगळे निकालाची वाट पाहू लागले.

शास्त्रीबुवांनी दोन्ही डहाळ्या निरखून पाहिल्या आणि ज्याच्या त्याला परत केल्या.

“यातली एकही तिपानुली नाही,” ते म्हणाले.

एवढेच बोलून त्यांनी झऱ्याच्या वरच्या उघड्याबोडक्या उताराकडे पाहिले, कुणाची तरी पहार मागून घेतली, धोतराचा काचा मारला आणि वर चढून ते खड्डा खणू लागले.

लोक चक्रावले. मग रागावले. त्या एका रागापुरते दोन्ही बाजूंचे एकमत झाले. कुणी म्हणाले, म्हाताऱ्याची बुद्धी चळली. कुणी म्हणाले, दोन्ही बाजूंचा रोष नको म्हणून याने अंग काढून घेतले. हळूहळू सगळे निघून गेले. शास्त्रीबुवा खणतच होते.

निरंजनला लाज वाटली. आपले गुरू प्रश्नाला सामोरे गेले नाहीत, असे त्यालाही वाटले. संध्याकाळी दगडाशी बसून त्याने विचारले की हे काय चालले आहे, आणि न्याय द्यायचा नसेल तर आपण परत का जात नाही. शास्त्रीबुवांनी हाताला आलेले फोड झऱ्याच्या पाण्यात धुतले.

“तू शब्दाची फोड केलीस. त्रि सांगितलास, पर्ण सांगितलंस. आणि शेपटाचं काय केलंस?”

निरंजन म्हणाला की ‘उली’ला काही अर्थ नाही, बोलणाऱ्यांनी गोडव्यासाठी जोडलेले ते नुसते अक्षर आहे.

“लोक उगीच अक्षर जोडत नाहीत. त्याचा अर्थ लागला की मला सांग. तोवर मी खणतो.”

दुसऱ्या दिवशी वाड्यांकडून शिधा आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. निरंजनने आणलेल्या पोह्यांवर दोघांनी वेळ भागवली. शास्त्रीबुवा पहाटे स्नान करून उतारावर जात, ऊन चढले की सावलीला बसत, उन्हे कलली की पुन्हा पहार उचलत. ते वेगाने खणत नसत, पण थांबतही नसत. उतारावर खड्ड्यांची एक ओळ हळूहळू पुढे सरकत होती. निरंजन मनातल्या मनात व्याकरणाची सूत्रे चाळत बसे. परत जावे असे त्याला अनेकदा वाटले. पण न सुटलेला शब्द मागे टाकून जाणे त्याच्या स्वभावात नव्हते.

शेवटी पाठांतराने काही निघेना म्हणून त्याने दुसरी पहार पैदा केली आणि तोही खणू लागला. तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. उतारावर मातीत गाडले गेलेले जुने खुंट होते. एकाच्या बुडाशी बेलाचा काटेरी फुटवा जीव धरून होता. त्याच्या पुढचा खुंट कुजला होता, पण मुळे उकरली तर दोर वळता येतील असे चिवट तंतू निघाले; पळसाच्या मुळांचे असतात तसे. तिसरा कसला ते ओळखू येईना. आणि ते सगळे एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने होते. रानातली झाडे अशी ओळीने उगवत नाहीत. कुणीतरी ती लावली होती. ही झाडे केव्हा गेली आणि कुणी तोडली, हे सांगणारे कुणी उरले नव्हते.

त्याने गुरूंना खुंट दाखवले. ते म्हणाले की पहिल्याच दिवशी त्यांना ते दिसले होते. पण खुंट पाहून शब्द सुटत नाही, तेव्हा त्याने शोध सोडू नये.

त्या दुपारी सगुणा आली. सासऱ्यांनी शिधा बंद केला होता, तरी दोन माणसे उपाशी राबताना दिसतात हे तिला बघवेना. टोपलीत भाकरी आणि कोरडी चटणी होती. कडेवर मुलगी होती. शास्त्रीबुवा जेवायला बसले तेव्हा ती वरल्या वाडीकडे पाठ करून बसली. तिकडे पाहिले की डोळे भरतात, असे तिने निरंजनला सांगितले. तिने आपली सगळी हकीगत थोडक्यात सांगितली. तक्रारीचा सूर तीत नव्हता. वडील आपल्याला विसरलेले नाहीत, हे तिला ठाऊक होते. कारण ती पाण्याला येई त्या वेळी ते रोज वरच्या बांधावर उभे राहत. खाली मात्र येत नसत.

तेवढ्यात मुलगी रांगत खड्ड्याच्या कडेला पोहोचली. सगुणाने झेप घेऊन तिला उचलले, छातीशी धरले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत ती पुटपुटू लागली, “माझी तान्हुली ती, माझी सोनुली ती...”

निरंजनच्या हातातला घास तसाच राहिला.

तान्ही ती तान्हुली. सोने ते सोनुली. इतकी वर्षे तो हे शब्द ऐकत आला होता. त्याच्या आईने त्यालाही कधी तान्हुल्या म्हटले असेल. कोशात शोधण्याजोगे त्यात काही आहे, असे मात्र त्याला कधी वाटले नव्हते. तो उठला, गुरूंपुढे जाऊन बसला आणि म्हणाला, “उली म्हणजे लहान. लहान आणि लाडकी. तिपानुली म्हणजे तीन पानांचं बाळ.”

शास्त्रीबुवांनी हातातली भाकरी खाली ठेवली. सगुणाही ऐकत होती. तेव्हा ते जे बोलले ते दोघांनाही उद्देशून होते.

“आता पुढे जा. बेलाचं बी रुजलं की आधी साधी पानं येतात. पळसाचंही तसंच. त्या वेळी कोण कुणाचं, हे सहसा कळत नाही. मग एक दिवस तीन पानांचा पहिला झुबका फुटतो, आणि रोप आपली ओळख सांगतं. त्या रोपाला आपले पूर्वज तिपानुली म्हणत असावेत. ते जातीचं नाव नसून वयाचं आहे, म्हणून बेलालाही लागू पडतं आणि पळसालाही. आता नेम पुन्हा म्हण पाहू.”

“झऱ्याच्या माथी तिपानुली लावावी,” निरंजन म्हणाला, आणि म्हणता म्हणताच तो थांबला. लावावी. दगडाला पान लावतात, तसे जमिनीत रोपही लावतात. माथा दगडाला असतो, तसा झऱ्यालाही असतो. ज्या उतारावर पाणी मुरून खाली झरा होतो तो उतार.

“बाळाला कुणी खुडून देवाला चिकटवत नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. “त्याला जागा देतात, माती देतात, पाणी देतात. पूर्वी दर वर्षी घरागणिक एक रोप इथे लागत असलं पाहिजे. पुढे शब्द राहिला आणि त्याचा अर्थ हरवला. रोपाऐवजी पान आलं. उतार बोडका झाला, झरा आटला, आणि आपण पानं बदलून पाहत राहिलो.”

निरंजनने विचारले की हे सर्व पहिल्याच दिवशी भर सभेत का सांगितले नाही.

“सांगितलं असतं तर ते माझं मत झालं असतं. दोन मतांवर डोकी फुटली होती, तिसरं कशाला घालू? खड्डा खणला की त्यावर वाद घालता येत नाही. त्यात रोप लावावं लागतं किंवा तो बुजवावा लागतो.”

निरंजन त्याच दिवशी दोन्ही वाड्यांत गेला. खालच्या वाडीत येसाजींनी त्याला बसवून घेतले, सर्व ऐकले आणि विचार करून सांगतो म्हणाले. त्यांचा चेहरा पाहता ते सांगतील असे वाटत नव्हते. वरल्या वाडीत रखमाजी ओसरीवरून उठलेही नाहीत. आमचे वाडवडील जन्मभर पाने लावत आले, ते काय मूर्ख होते, असे त्यांनी विचारले. निरंजनने उत्तर दिले की त्यांनी शब्द टाकला नाही, म्हणूनच आज त्याचा अर्थ लावता आला. एवढे उपकार पुरेसे आहेत. रखमाजींना हे उत्तर आवडले असावे, पण त्यांनी तसे दाखवले नाही. उताराचा वरचा भाग त्यांच्या वाडीचा आहे, तिथले खड्डे उद्याच्या उद्या बुजवावेत, असे त्यांनी बजावले.

त्या रात्री शास्त्रीबुवांना ताप भरला. सकाळी निरंजन एकटाच उतारावर गेला. खड्डे बुजवावेत की खणावेत, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने पहार उचलली आणि ओळीतला पुढचा खड्डा आखला.

थोड्या वेळाने सगुणा वर आली. तिने परसातल्या पळसाखाली रुजलेले एक रोप मुळाच्या मातीसकट काढून पानाच्या द्रोणात आणले होते. साध्या पानांच्या वर तीन पानांचा पहिला झुबका नुकताच उलगडत होता. सासऱ्यांना विचारले का, असे निरंजनने विचारले. विचारले नाही, सांगून आले, असे ती म्हणाली. तिने साडीची झोळी करून शेजारच्या करवंदीच्या जाळीजवळ दोन मेढी रोवून त्यांना बांधली, मुलीला तीत निजवले, आणि पहिल्या खड्ड्याशी गुडघे टेकून ती बसली.

त्याच वेळी रखमाजी वरून उतरत होते. खड्डे बुजले की नाहीत ते पाहायला ते निघाले होते. हातात काठी होती. त्यांनी लेकीला पाहिले आणि ते वीस हातांवर थबकले. सगुणानेही त्यांना पाहिले. ती उठली नाही. एका हाताने रोप सरळ धरून ती दुसऱ्या हाताने माती लोटत राहिली.

झोळीतली मुलगी जागी झाली आणि रडू लागली. सगुणाने तिथूनच हाक घातली, पण रडे वाढत गेले. हात सोडावा तर रोप आडवे पडणार होते. ती नुसती मान वळवून पाहत होती. निरंजन बराच खाली होता. तो पहार टाकून धावला. पण त्याच्या आधी रखमाजी झोळीपाशी पोहोचले होते. काठी त्यांच्या हातातून कधी पडली, ते त्यांनाही कळले नसावे. त्यांनी वाकून नातीला उचलले. तिने रडता रडताच त्यांच्या मिशीला हात घातला आणि ती गप्प झाली.

सगुणाने माती दाबली, ओंजळीने पाणी घातले, तेव्हा कुठे ती उभी राहिली.

“नाव काय हिचं?” रखमाजींनी विचारले.

“ठेवलं नाही.”

“का?”

“आजोळचं माणूस नव्हतं,” सगुणा म्हणाली.

रखमाजींनी नातीला छातीशी घट्ट धरले आणि तोंड डोंगराकडे फिरवले. खांदे हलत होते, म्हणून निरंजन पुढे न जाता मागे वळला आणि आपल्या खड्ड्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी वरल्या वाडीतून बेलाची रोपे आली. रखमाजींनी स्वतः ती खांद्यावरून आणली होती. सून परवानगीवाचून गेली म्हणून येसाजी रागावले होते. पण व्याही खाली येऊन पळसाला पाणी घालून गेल्याचे कळल्यावर घरात बसून राहणे त्यांना जमेना. तेही आले. दोघे कारभारी एकमेकांशी बोलले नाहीत. पण खड्डे एका ओळीत होते आणि पाण्याची घागर एकच होती, तेव्हा ती एकमेकांकडे देणे भाग पडले. ताप उतरल्यावर शास्त्रीबुवा काठी टेकत आले आणि दगडाशी बसून पाहत राहिले. पाऊस सरेपर्यंत ओळी पुऱ्या झाल्या. बारसे कार्तिकात झाले. आजोळची माणसे पाळण्याला हात लावून गेली.

झरा मात्र लगेच भरला नाही. त्या उन्हाळ्यात तो पूर्वीसारखाच आटला आणि काही लोक कुरकुरले. निरंजन गुरूंची परवानगी घेऊन तिथेच राहिला. दोन्ही वाड्यांच्या बाया लांबच्या ओढ्यावरून पाणी आणत, त्यातली एक एक कळशी उतारावर रिकामी करत. निम्मी रोपे जळाली. पुढच्या श्रावणात त्या जागी नवी लावली. त्यातलीही काही गेली. पुन्हा लावली. खचलेल्या माणसांना निरंजन काही सांगत बसत नसे. तो पहाटे उतारावर जाई आणि ज्याला यायचे असेल तो मागून येई. असे करता करता एका वर्षी चैत्र संपला तरी झऱ्याच्या तळाला चिखल दिसला नाही. वैशाखात धार बारीक झाली, पण तुटली नाही.

तेव्हा शास्त्रीबुवा फार थकले होते. निरंजन त्यांना भेटायला गेला आणि पाण्याचे वर्तमान त्याने सांगितले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ते ऐकले. मग विचारले की आता तिपानुलीचा अर्थ कुणी विचारला तर तो काय सांगेल. पूर्वीचा निरंजन असता तर त्याने धातू सांगितला असता, प्रत्यय सांगितला असता, उदाहरणे दिली असती. तो म्हणाला, “सांगणार नाही. श्रावणात या म्हणेन, आणि येताना एक रोप घेऊन या म्हणेन.”

शास्त्रीबुवा हसले. अर्थ लागला, असे ते म्हणाले.

आपल्याही घरात असे काही शब्द असतील, ज्यांचा आपण वर्षानुवर्षे मान राखतो; ते आपल्याला काय करायला सांगतात, हे एकदा विचारून पाहावे.